आमच्या घराण्याला सुरी सोसत नाही

भूलतज्ज्ञ बाईंनी मला सरळ मराठीत विचारलं होतं, ‘तुमच्या माहेरी, नात्यात कुणाला ऑपरेशनच्या वेळी भुलीचा त्रास झालाय का?’ मी ‘नाही’ म्हणाले. तो एक ‘नाही’ मला किती महागात पडला ते सांगायला बसले आहे. पित्ताशयातल्या खड्यांबद्दल मी काही लिहिणार नाही. ते हल्ली घरटी एकाच्या पोटात सापडतात.

मी सुमन. निपाणीच्या एका हायस्कुलात एकवीस वर्षं विज्ञान शिकवते. दहावीच्या वर्गात आनुवंशिकतेचा धडा मीच घेते. उंच रोप, बुटकं रोप, फळ्यावर चार घरांचा चौकोन, आई-बापाकडून काय येतं आणि काय दडून राहतं, हे सगळं मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण बहुधा मला बघूनच कुणीतरी केली असावी.

घरचा नेम

माझं माहेर खानापूर तालुक्यात, रानाच्या कडेला. भाताची शेती, दोन भाऊबंदांची घरं, पलीकडे जंगल. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, त्यांचा धाकटा भाऊ मारुती झाडावरून पडला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं. बेळगावला नेलं, ऑपरेशनला आत घेतलं, आणि तासाभरात डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की गेला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. माझा जन्मही झाला नव्हता, पण ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मारुतीकाका मला ओळखीचा वाटतो. ज्यांनी त्याला घरी आणलं ते सांगायचे, अंग तव्यासारखं तापलेलं, आणि जबडा असा मिटलेला की शेवटचं पाणी घालायलाही तोंड उघडेना.

आजोबांच्या एका भावाचंही पूर्वी असंच झालं होतं. मग गुरवाने देवीला कौल लावला. कारण निघालं की, कुण्या पूर्वजाने देवीच्या रानातली जांभूळ तोडून तिचा नांगर केला होता. त्या दिवसापासून घरात नेम झाला, की या घराण्याच्या अंगाला सुरी लावायची नाही. आजोबांनी हर्नियावर पट्टा बांधून चौदा वर्षं काढली. आप्पांचा मोतीबिंदू तसाच राहिला. शेवटी शेवटी ते आम्हाला आवाजावरून ओळखायचे.

आणि या नेमाला एक पोटकलम होतं. लेकींना तो लागू नव्हता. लग्न झालं की लेक दुसऱ्या कुळात गेली, तिला माहेरच्या देवीचा कोप कशाला लागेल? मला खड्यांचं ऑपरेशन सांगितलं तेव्हा थोरल्या भावाला, अण्णाला, फोन केला. तो म्हणाला, ‘तू बिनघोर कर गं. तू आता निपाणीची. तुला आमचं काय लागतंय?’

भूलतज्ज्ञ बाई पेन उघडून उत्तराची वाट बघत होत्या, तेव्हा मारुतीकाका माझ्या मनात येऊन गेला. खोटं का बोलू, आला होता. पण विज्ञानाच्या बाईने काय सांगायचं? जांभळीच्या नांगराची गोष्ट? लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी अण्णाचं म्हणणंही पटलं होतं, की आपण निपाणीच्या. एक शिकलेली बाई आणि एक अडाणी बाई, दोघी माझ्याच अंगात बसलेल्या, आणि दोघींनी एकमताने ‘नाही’ सांगितलं.

त्या सकाळी

मला आठवतं ते एवढंच: छतावरचा गोल दिवा, आणि एक नर्स कानडीत म्हणाली, ‘हेदरबेडी अक्का.’ घाबरू नका. पुढचं सगळं माझ्या यजमानांनी, दिलीपनी, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेही फार खोदून विचारल्यावर.

पाऊण तासाने आतून एक वॉर्डबॉय पळत बाहेर गेला. मग दुसरा. मग भूलतज्ज्ञ बाई स्वतः दारात आल्या. त्यांची टोपी निघालेली होती. त्यांनी विचारलं, ‘ह्यांच्या माहेरी कुणी टेबलावर गेलंय का? आठवून सांगा.’ दिलीप म्हणाले, ‘हो, एक काका गेलेत. पण ते देवीचं...’ बाई पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत.

माझं अंग तापायला लागलं होतं आणि थांबत नव्हतं. हातपाय ताठ झाले होते. भुलीचा वायू बंद केला, ऑपरेशन अर्धवट सोडून टाके घातले. या प्रकारावर एकच खास औषध आहे आणि ते जवळपास कुठेच नव्हतं. फोनावर फोन गेले. तोवर बर्फ हवा होता. दवाखान्यातला संपला, तसे दिलीप समोरच्या रसवंतीवर गेले आणि त्या माणसाची अख्खी लादी पोत्यात घालून खांद्यावरून घेऊन आले. रसवाल्याने काही विचारलं नाही. उलट फडकं दिलं, खांदा भाजू नये म्हणून. मी त्याला अजून पाहिलेलं नाही. पण देवापुढे हात जोडते तेव्हा तो माणूस आधी आठवतो.

औषध दुपारी आलं. ते कुठून आलं, कुणी आणलं, याची आणखी मोठी गोष्ट आहे, पण ती दिलीपना सांगवत नाही. त्या दुपारचा विषय निघाला की ते चप्पल घालून बाहेर जातात.

अतिदक्षता विभागातले दिवस

शुद्धीवर आले तेव्हा वाटलं, कुणीतरी मला उखळात घालून कांडलंय. लघवीच्या पिशवीत कोकमाच्या आगळाच्या रंगाचं पाणी. ते माझ्याच स्नायूंचं आहे, फुटून रक्तात उतरलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. रोज सकाळी राउंडला आले की ते आधी पिशवीकडे बघायचे, मग माझ्याकडे. मीही तेच करायला शिकले. सहाव्या दिवशी रंग फिका झाला, तेव्हा मला परीक्षेत पास झाल्यासारखं रडू आलं.

भीती मात्र फिकी झाली नाही. ती अशी होती, की ज्या अंगावर मी सेहेचाळीस वर्षं विसंबले, त्याच्यात हे लपून बसलं होतं आणि त्याने कधी चाहूल दिली नव्हती. मग पडल्या पडल्या एकेक आठवायला लागलं. चाहूल दिली होती की. खो-खोत मी नेहमी पहिल्या मिनिटाला बाद. जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकून, मग मांडीवर हात टेकून उठायची. आई म्हणायची, ‘लई आळशी हाय ही.’ अण्णाही तसाच उठायचा. आप्पाही. आम्हाला वाटायचं, आमच्या घरची उठायची पद्धतच ती.

चौकोन आणि गोल

रक्त तपासणीला बेंगळूरूला गेलं आणि दोन महिन्यांनी आम्हीही. तिथल्या डॉक्टर मुलीने माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. फळ्यावर मी वाटाण्यांसाठी काढायचे तसंच, फक्त इथे माझी माणसं होती.

आमच्या माहेरी देवघरात वंशावळ आहे, सात पिढ्यांची. मी ती मोठ्या अभिमानाने फोनमध्ये फोटो काढून नेली होती. ती म्हणाली, ‘मॅडम, ह्यात बायका कुठायत?’ नव्हत्याच. एकही नाही. सात पिढ्यांत आमच्या घराण्यात जणू एक मुलगी जन्मली नव्हती.

मग मी फोन लावत बसले. कणकुंबीकडे दिलेली आप्पांची बहीण शेवंताआत्या बाळंतपणात गेली, एवढंच माहीत होतं. तिच्या दिराचा मुलगा म्हणाला, ‘व्हय, प्वाट फाडायला नेलतं. भूल दिली आन् अंगाचं लाकूड झालं. पोरगं तेवढं वाचलं.’ माझ्या आईला हे ठाऊक होतं. सगळ्या बायकांना ठाऊक होतं. पण शेवंताआत्याचं मरण तिच्या सासरच्या खात्यात गेलं होतं, म्हणून कौलात ते धरलंच नव्हतं. मी गोल काढला आणि त्यावर रेघ मारली.

स्नायूंचा हा रोग, ज्यात अंगात जोर कमी असतो आणि नेहमीची भूल सोसत नाही, आप्पांकडून आला होता. मुलग्याला येवो वा मुलीला, दर मुलामागे निम्मी शक्यता. त्याला कूळ, गोत्र, माप ओलांडणं यातलं काही कळत नाही. माझा मुलगा ओंकार, त्याचंही रक्त दिलं होतं. त्याच्यात ते आलं नव्हतं. तो रिपोर्ट वाचून मी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिले. आनंद किती टिकला म्हणाल? खालच्या पायरीपर्यंत पोहोचायच्या आत अण्णाची मुलगी रोहिणी आठवली.

ज्यांच्या घरात अशी एखादी गोष्ट सांगितली जाते, मग ती देवीची असो, करणीची असो वा पिंपळावरच्या मुंजाची, त्यांनी ती हसण्यावारी नेऊ नये आणि नुसती भिऊनही बसू नये. ती जशीच्या तशी डॉक्टरांना सांगावी. आमच्या गोष्टीत कारण चुकीचं होतं, पण तापलेलं अंग आणि मिटलेला जबडा अगदी बरोबर होता. भूल देणाऱ्याला आधी कळलं तर दुसरी, सोसणारी भूल देता येते. माझ्या पर्समध्ये आता एक कार्ड आहे, मराठीत, कानडीत आणि इंग्रजीत. मी बेशुद्ध पडले तर ते माझ्या वतीने बोलेल.

भंडाऱ्याची शपथ

मी फाईल घेऊन माहेरी गेले तेव्हा रोहिणीला संकेश्वरचं स्थळ पसंत पडलं होतं. अण्णाने फाईल उघडलीसुद्धा नाही.

‘तू वाचलीस न्हवं? झालं तर मग.’

‘अण्णा, तुझं रक्त तपासायला पायजे. तुझ्यात असंल तर रोहिणीत पण...’

‘सुमे, तुझ्या पोराचं निभावलं, म्हणून माझ्या पोरीचं वाटोळं करायला निघालीस व्हय?’

हे त्याने बोलायला नको होतं. लहानपणी शाळेच्या वाटेवर ओढा आला की मला पाठीवर घेऊन जाणारा माझा भाऊ. त्याच्याही मांड्या तेव्हा थरथरायच्या, हे मला आत्ता आठवतं. मी रडले. तोही रडवेला झाला. मग त्याने देव्हाऱ्यातला भंडारा आणला आणि माझ्या हातावर ठेवला. लग्न होईपर्यंत बोलणार नाही, असं माझ्याकडून वदवून घेतलं. ‘एकदा ती गेली की त्यांच्या कुळातली झाली. मग आमचं तिला काय न्हाय.’

मी शपथ घेतली. फळ्यावर चार घरं काढणाऱ्या बाईने भंडारा हातात घेऊन ते मान्य केलं. लग्नात मी जरीचं लुगडं नेसून मिरवले, अक्षता टाकल्या. रोहिणी पाटावरून उठताना तिने गुडघ्यावर हात टेकला, मग मांडीवर. करवल्या हसल्या, म्हणाल्या, शालूच लई जड हाय. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

सातव्या महिन्यात

लग्न झालं, शपथ सुटली, तरी आज सांगू उद्या सांगू करत मी रोहिणीला काही सांगितलं नव्हतं, आणि तिला दिवस गेल्याचं मला अण्णाने कळवलं नाही. पहिलं बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात ती माहेरी आली, ते वहिनीच्या बोलण्यातून कळलं. रविवारी मी निपाणीहून बेळगाव, बेळगावहून खानापूर अशा गाड्या बदलत गेले. अण्णा रानात होता. रोहिणी चुलीपाशी बसून तांदूळ निवडत होती.

मी सगळं सांगितलं. मारुतीकाका, शेवंताआत्या, बर्फ, आगळ, सगळं. ती निवडत राहिली. मग हात थांबले.

‘आत्या, ह्ये तुला लग्नाआधी ठावं हुतं?’

‘व्हय.’

‘आन् तू अक्षता टाकल्यास.’

मी शपथेचं सांगितलं, पण ते माझ्याच कानाला पोरकट वाटलं.

ती म्हणाली, ‘लेकरू पोटात लई फिरत न्हाय. सगळ्या म्हणत्यात, पहिलटकरणीला कळत न्हाय. डॉक्टर म्हणतात पायाळू हाय.’ मग तिने माझ्याकडून फाईल मागून घेतली आणि आपल्या तायी कार्डाच्या, म्हणजे बाळंतपणाच्या सरकारी कार्डाच्या, पिशवीत घातली. ‘डॉक्टरला दावते. सासूबाईंना न्हाय. त्यांना कळलं तर मला परत न्ह्यायच्या न्हाईत.’

पिशवी घेऊन ती उठली. आधी गुडघ्यावर हात, मग मांडीवर. आम्ही दोघींनी ते पाहिलं.

बाळंतपण

तालुक्याच्या डॉक्टरांनी फाईल दोनदा वाचली. मग म्हणाले, ‘इथे नको.’ बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात दिवस ठरवून सीझर झालं. ते औषध आधीच मागवून टेबलाशेजारी ठेवलं होतं. पाठीत इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधीर केला, रोहिणी जागी होती. मी बाहेर बाकावर बसून दरवाजाकडे बघत होते. एक वॉर्डबॉय पळत बाहेर आला तेव्हा मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. तो चहाला चालला होता.

रोहिणीला काही झालं नाही. मुलगी झाली. रडण्याचा आवाज ऐकायला आम्ही बाहेर कान लावून बसलो होतो, तो फार बारीक आला. अण्णा लगेच म्हणाला, ‘बघ, झालं का काय? उगंच समद्यांचा जीव टांगणीला लावलास.’ मीही देवाला हात जोडले. आमच्या घराण्यातली एक बाई टेबलावरून जिवंत उठली होती, मला तेवढं पुष्कळ होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी संकेश्वरहून विहीणबाई आल्या. भल्या बाई, मोठ्या आवाजाच्या. झबली, टोपडं, मनगटाला काळे मणी, सगळं घेऊन. खोलीत अण्णा, वहिनी, मी, आणि खाटेवर रोहिणी. विहीणबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, दुपट्यातून सोडवलं, आणि कौतुकाने म्हणाल्या, ‘अगं बाई, कसली गुणाची पोर ही! ठेवली तशी पडलीया. रडणं न्हाय, पाय झाडणं न्हाय. माझी पोरं तर असली लाथा मारायची!’

वहिनी हसली. मी बाळाकडे बघितलं. दोन्ही गुडघे दोन बाजूंना पडलेले, आणि ते तसेच राहिलेले. हात धरून उचलला आणि सोडला की ओल्या फडक्यासारखा खाली येत होता. डोळे मात्र टक्क उघडे, सगळ्यांकडे बघत होती. सकाळी डॉक्टर तिचे पाय हलवून बघून काही न बोलता गेले होते, ते कशासाठी, ते मला तेव्हा कळलं.

विहीणबाई मणी बांधायला लागल्या. रोहिणी माझ्याकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती. ते बघणं मी कधी विसरणार नाही. अण्णाने खुर्चीचे दोन्ही हात धरले, जोर लावला, एकदा परत बसला, आणि दुसऱ्या खेपेला उठला.

‘विहीणबाई,’ तो म्हणाला, ‘पोर गुणाची म्हणून गप न्हाय. तिच्या अंगात जोर न्हाय. ह्ये आमच्या घरातलं हाय. माझ्याकडनं रोहिणीला गेलं, रोहिणीकडनं हिला. हिला कवा भूल द्यायची येळ आली, तर आधी सांगायला पायजे. न्हायतर जीव जाईल. आमच्यातले तिघं गेल्यात.’

विहीणबाईंचा हात मण्यांवर थांबला. ‘म्हंजे?’ त्या म्हणाल्या. मग सावकाश, ‘लग्नाआधी ठावं हुतं तुम्हास्नी?’

‘व्हय. मला ठावं हुतं.’

 आता गप्प राहिले असते तरी चाललं असतं, सगळं अण्णाच्या माथी गेलं असतं. मी उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

‘मलाबी ठावं हुतं,’ मी म्हणाले.